१२४ प्रकाशवर्षांवरची हवा मोजतात कशी, आणि गफलत होते कुठे

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सिंह राशीत के२-१८ नावाचा एक लाल बटू तारा, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारा, आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड (यापुढे डीएमएस) किंवा डायमिथिल डायसल्फाइड, कदाचित दोन्ही वायू, असण्याची चिन्हं दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. पृथ्वीवर डीएमएस मुख्यतः समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांमुळे तयार होतो. तेवढ्यावरून जगभर ‘परग्रहावर जीवसृष्टीचा पुरावा’ असे मथळे झळकले. पुढच्या काही आठवड्यांतच इतर गटांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली आणि त्यात डीएमएस ठामपणे दिसत नाही असं सांगितलं.

दोन्ही बाजूंचे लोक या विषयातले तज्ज्ञ आहेत आणि त्यांच्यापुढची मोजमापंही एकच आहेत. तरी निष्कर्ष वेगळे येतात, कारण दुर्बीण वायू मोजत नाही. ती ताऱ्याचा प्रकाश मोजते. त्या प्रकाशापासून ‘अमुक वायू आहे’ या विधानापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी काहीतरी गृहीत धरलेलं असतं. त्या पायऱ्या ठाऊक असतील तर अशी कुठलीही बातमी स्वतःच्या डोक्याने वाचता येते.

तारा किती मंदावतो?

के२-१८बी थेट दिसत नाही. त्याची कक्षा पृथ्वीवरून पाहताना जवळजवळ कडेच्या बाजूने दिसते, त्यामुळे दर ३२.९४ दिवसांनी तो ताऱ्यासमोरून सरकतो. हे त्याचं अधिक्रमण. ते सुमारे पावणेतीन तास चालतं आणि त्या वेळात ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. कक्षा अशी नेमकी जुळून येण्याची शक्यता या ग्रहाच्या बाबतीत दीड टक्क्याहूनही कमी होती. केप्लर दुर्बिणीने २०१४ मध्ये टिपलेल्या मोजमापांत अशी दोन अधिक्रमणं सापडली, तेव्हा २०१५ मध्ये हा ग्रह माहीत झाला.

ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या २.६ पट, म्हणजे सुमारे १६,६०० किलोमीटर. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.४४ पट, साधारण ३,०९,००० किलोमीटर. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून वर्ग केला की झाकलेला भाग मिळतो: ०.००२९, म्हणजे जेमतेम ०.२९ टक्के. दशलक्ष फोटॉन (प्रकाशाचे कण) येत असतील तर अधिक्रमणात त्यातले २,९०० कमी येतात. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना लांबून कोणी पाहिलं तर त्याला दशलक्षात फक्त ८४ कमी दिसतील. लाल बटू ताऱ्यांमागे सगळे का लागलेले आहेत, ते या दोन आकड्यांतून कळतं. तारा लहान असला की ग्रहाची सावली मोठी पडते.

पण २,९०० हा आकडा ग्रहाच्या घन किंवा अपारदर्शक गाभ्याचा आहे. हवेचा हिशेब वेगळा.

हवेची कड

ग्रहाच्या कडेला हवेचं एक पातळ कडं असतं. ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्या कड्यातून आरपार येतो. एखाद्या रेणूने ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषला, तर त्या तरंगलांबीला कडं अपारदर्शक होतं, ग्रह किंचित मोठा दिसतो आणि अधिक्रमण किंचित खोल होतं. वेगवेगळ्या तरंगलांबीला ग्रहाचा आकार मोजत गेलं की जो आलेख मिळतो, तोच वातावरणाचा वर्णपट.

हे कडं किती जाड असेल, हे तीन गोष्टींवर ठरतं: तापमान, गुरुत्वाकर्षण आणि हवेतल्या रेणूंचं सरासरी वजन. जितकं वर गेल्यावर हवेचा दाब २.७ पटीने घटतो, ती उंची मोजमापाचं माप म्हणून धरतात. पृथ्वीवर ती ८ किलोमीटरच्या आसपास आहे. के२-१८बीचं वस्तुमान पृथ्वीच्या ८.६ पट आहे, म्हणून तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सव्वापटीहून किंचित जास्त येतं. तापमान उणे १० अंश सेल्सियसच्या आसपास आणि हवा मुख्यतः हायड्रोजनची धरली, तर ही उंची सुमारे ७५ किलोमीटर येते. अशा एका थराचा ताऱ्याच्या प्रकाशावर होणारा परिणाम दशलक्षात सुमारे २७ इतका. एखाद्या ठळक रेणूची खूण अशा दोन ते पाच थरांइतकी असते, म्हणजे दशलक्षात साधारण ५० ते १३०.

आता याच ग्रहावर हायड्रोजनऐवजी पृथ्वीसारखी नायट्रोजनची हवा आहे असं समजा. रेणूंचं वजन बारापटीहून जास्त वाढतं, ७५ किलोमीटरची उंची ६ वर येते, आणि एका थराची खूण दशलक्षात जेमतेम २ उरते. एवढी बारीक खूण जेम्स वेब दुर्बिणीलाही टिपता येत नाही. म्हणूनच आजवर ज्यांची हवा नीट वाचता आली, ते बहुतेक ग्रह हायड्रोजनने फुगलेले आहेत. पृथ्वीसारखी हवा असलेले ग्रह या पद्धतीला जवळजवळ अदृश्य आहेत, हे बातम्यांत फारसं कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं.

दशलक्षात २७ चा फरक दिसण्यासाठी प्रकाश किती लागतो, याचंही सरळ गणित आहे. मोजलेल्या फोटॉनच्या संख्येतली अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. म्हणजे वर्णपटाच्या एकेका पट्टीत किमान १४० कोटी फोटॉन जमा झाले, तर अनिश्चितता त्या एका थराच्या खुणेइतकी होते. खात्री हवी असेल तर त्याच्या कितीतरी पट हवेत. वेबचा ६.५ मीटरचा आरसा आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांबची थंड, स्थिर जागा यासाठीच लागते.

कच्च्या मोजमापापासून वर्णपटापर्यंत

एका अधिक्रमणासाठी दुर्बीण सलग सहाएक तास ताऱ्यावर रोखलेली असते. अधिक्रमणाआधीचा आणि नंतरचा प्रकाशही मोजावा लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्या तासांत हजारो चित्रं घेतली जातात. त्यांतून वैश्विक किरणांचे ठिपके काढायचे, मागचा उजेड वजा करायचा, वर्णपटाची रेघ शोधायची, प्रत्येक तरंगलांबीसाठी प्रकाश आणि वेळ यांचा आलेख काढायचा, आणि त्या आलेखावर अधिक्रमणाचा आकार बसवायचा.

अडचणी इथूनच सुरू होतात. वेबवरच्या मिरी या मध्य-अवरक्त उपकरणाचा डिटेक्टर निरीक्षण सुरू झाल्यावर काही काळ स्थिरावत असतो, त्यामुळे प्रकाश बदललेला नसतानाही वाचन सरकतं. सुरुवातीची किती मिनिटं टाकून द्यायची, उरलेल्या सरकण्याला सरळ रेघ बसवायची की वक्र, हे विश्लेषक ठरवतो. निअरस्पेक या उपकरणात दोन डिटेक्टर आहेत आणि त्यांची वाचनं एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. दोघांमध्ये थोडा फरक असू शकतो असं मानलं तर वर्णपटाचा एक तुकडा वरखाली सरकवायची मुभा मिळते. २०२३ मध्ये याच ग्रहाच्या पहिल्या वेब निरीक्षणांत डीएमएसचा पुसटसा इशारा दिसला होता. अशी मुभा दिल्यावर तो आणखी पुसट झाला.

त्यात ताऱ्याचीही भर असते. लाल बटू ताऱ्यांवर डाग असतात आणि डागांच्या तुलनेने थंड भागात खुद्द पाण्याची वाफ टिकते. ग्रह डाग नसलेल्या भागावरून गेला आणि डाग बाजूला तसेच राहिले, तर तुलनेचा पायाच चुकतो. ताऱ्यातलं पाणी ग्रहाच्या खात्यावर जमा होऊ शकतं.

वर्णपटापासून वायूपर्यंत

हा या सगळ्यातला सर्वांत निसरडा टप्पा. वर्णपटावर वायूंची नावं लिहिलेली नसतात. संगणकात एक काल्पनिक वातावरण रचतात: प्रत्येक वायूचं प्रमाण, निरनिराळ्या उंचीवरचं तापमान, ढगांची उंची, धुरकटपणा, ताऱ्यावरचे डाग, डिटेक्टरमधला फरक. त्यावरून वर्णपट कसा दिसेल ते काढतात आणि मोजलेल्या वर्णपटाशी ताडून पाहतात. मग आकडे बदलून पुन्हा, असं लाखो वेळा. कुठल्या आकड्यांनी जुळणी चांगली होते, त्यावरून वायूंचं प्रमाण आणि त्याची अनिश्चितता मिळते.

पोलिसांच्या ओळखपरेडीसारखं हे आहे. रांगेत जे उभे केलेत त्यांतलाच कोणीतरी निवडला जाणार. खरा माणूस रांगेत नसेल, तर त्याच्यासारखा दिसणारा सापडेल.

डीएमएसच्या बाबतीत रांग फार महत्त्वाची ठरते. हा रेणू म्हणजे गंधकाच्या एका अणूला जोडलेले दोन मिथिल गट (एका कार्बनला तीन हायड्रोजन). अवरक्त प्रकाशात त्याच्या ज्या खुणा दिसतात, त्यांतल्या बऱ्याच कार्बन-हायड्रोजन बंधाच्या ताणण्याने आणि वाकण्याने येतात. हा बंध मिथेनपासून इथेनपर्यंत शेकडो रेणूंत असतो. ३.४ मायक्रॉनजवळची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डीएमएसची खूण मिथेनच्या ३.३ मायक्रॉनच्या रुंद खुणेच्या खांद्यावर बसते. ७ मायक्रॉनच्या आसपासही अशीच गर्दी आहे. याउलट कार्बन डायऑक्साइडची ४.३ मायक्रॉनची खूण ठळक आणि बऱ्यापैकी एकटी असते, म्हणून तो वायू ओळखणं सोपं जातं.

२०२५ चा दावा मिरीने एप्रिल २०२४ मध्ये टिपलेल्या एका अधिक्रमणावर उभा होता, तरंगलांबी ६ ते १२ मायक्रॉन. खात्री ३ सिग्मा सांगितली होती. याचा प्रचलित अर्थ असा, की निव्वळ योगायोगाने इतका ठळक इशारा दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. अनेकांनी हे ‘डीएमएस असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असं वाचलं. ते चुकीचं आहे. हा आकडा दोन रचनांची तुलना सांगतो: रांगेत हे रेणू असताना जुळणी किती चांगली आणि नसताना किती. रांगेतच दुसरा योग्य रेणू उभा केला नसेल, तर हा आकडा त्याबद्दल काहीच बोलत नाही.

पुढे नेमकं तेच तपासलं गेलं. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी कुठलाही रेणू न धरता पाहिलं, आणि मिरीचा वर्णपट सपाट रेघेनेही समाधानकारक जुळतो असं दाखवलं. शिकागो विद्यापीठाच्या गटाने जवळच्या आणि मध्य-अवरक्त पट्ट्यांतली वेबची सगळी मोजमापं एकत्र घेतली, तेव्हा डीएमएससाठी पुरेसा पुरावा उरला नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लुइस वेलबँक्स आणि सहकाऱ्यांनी रांग लांबवली. तेव्हा प्रोपाइनसारखे साधे हायड्रोकार्बनही तितक्याच चांगल्या रीतीने बसतात असं दिसलं. मधुसूदन यांच्या गटानेही नंतर शेकडो रेणूंची यादी तपासून आपली बाजू मांडली. वाद हा असा, मोजमापांच्या जोरावर चालावा, आणि तो तसाच चालला आहे.

या ग्रहाने याआधी एकदा असाच चकवा दिला होता. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांत १.४ मायक्रॉनला एक खूण दिसली आणि दोन स्वतंत्र गटांनी ती पाण्याच्या वाफेची मानली. त्याही वेळी मोठी बातमी झाली. पण हबलचं उपकरण जेमतेम १.१ ते १.७ मायक्रॉन एवढाच पट्टा पाहत होतं, आणि १.४ ला पाणी शोषतं तसं मिथेनही शोषतं. २०२३ मध्ये वेबने ५ मायक्रॉनपर्यंतचा पट्टा उघडला तेव्हा मिथेनच्या इतर खुणाही दिसल्या. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही साधारण एकेक टक्का निघाले, पाण्याची वाफ ठामपणे सापडली नाही. नंतर दुसऱ्या एका गटाने त्याच कच्च्या मोजमापांची नव्याने छाननी केली, तर त्यांना मिथेन पक्का वाटला, कार्बन डायऑक्साइड मात्र नाही. पुढच्या निरीक्षणांनी तोही पक्का केला. एकच खूण आणि अरुंद पट्टा असेल तर थांबावं, हे इथे स्पष्ट दिसतं.

वायूपासून जीवसृष्टीपर्यंत

डीएमएस खरोखर आहे असं उद्या सिद्ध झालं, तरी काम अर्धंच होतं.

पृथ्वीच्या हवेत हा वायू अब्जात एका भागाहूनही कमी असतो. के२-१८बीसाठी सांगितलेलं प्रमाण दशलक्षात १० भागांहून जास्त होतं, म्हणजे हजारो पटींनी अधिक. एवढा वायू सतत कोण बनवत असेल? जीवसृष्टी हे एक उत्तर. पण रोझेटा यानाने ६७पी धूमकेतूजवळ घेतलेल्या मोजमापांत डीएमएस सापडला आहे आणि आंतरतारकीय ढगातही सापडला आहे. २०२४ मध्ये प्रयोगशाळेत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड यांसारख्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश सोडल्यावर तो तयार झाला. हायड्रोजन, मिथेन आणि गंधक असलेल्या हवेवर ताऱ्याचा प्रकाश पडला की तो बनू शकतो, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. तेव्हा या प्रकारच्या ग्रहावर डीएमएसला एकट्याला जीवसृष्टीची खूण मानणं मला पटत नाही.

हा ग्रह मुळात आहे कसा, हेही ठरलेलं नाही. मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘हायसीयन’ कल्पना मांडली: वर हायड्रोजनची हवा आणि खाली द्रव पाण्याचा अथांग समुद्र. अमोनिया दिसत नाही हे त्याला पोषक आहे, कारण समुद्र असेल तर अमोनिया त्यात विरघळेल. पण वितळलेल्या खडकाचा समुद्र असला तरी त्यात नायट्रोजन मुरतो आणि अमोनिया दिसत नाही, असं २०२४ च्या एका निबंधाने दाखवलं. तिसरी शक्यता अशी की समुद्र-जमीन काहीच नाही, खोलवर दाट होत जाणारा वायू आहे, नेपच्यूनची छोटी आवृत्ती. वस्तुमान आणि त्रिज्या या दोनच आकड्यांत तिन्ही चित्रं बसतात. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या रेन्यू हू यांच्या गटाने २०२५ मध्ये आणखी अधिक्रमणं पाहून ग्रहाच्या अंतरंगात भरपूर पाणी असावं असं मांडलं. ते पाणी द्रव समुद्राच्या रूपात आहे का, हे मात्र त्यातून ठरत नाही.

या सगळ्याची मांडणी करायला नासाचे तेव्हाचे मुख्य शास्त्रज्ञ जिम ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. पहिल्या पायरीवर इशारा सापडतो. दुसरीवर तो उपकरणाचा किंवा मिसळणीचा नाही हे दाखवायचं. तिसरीवर तिथल्या परिस्थितीत जीव तो निर्माण करू शकतो हे, आणि चौथीवर निर्जीव कारणं पटण्यासारखी नाहीत हे. उरलेल्या पायऱ्या स्वतंत्र पुराव्याच्या आणि पुढच्या तपासणीच्या. डीएमएसचा दावा आज पहिल्या पायरीवरच अडखळला आहे. मथळे सातव्या पायरीचे होते.

पुढे काय लागेल?

वेबवर १६ ते २४ तास आणखी मिळाले तर ५ सिग्मा गाठता येईल, असा मधुसूदन यांच्या गटाचा अंदाज होता. ऐकायला हे थोडं वाटतं. पण हा तारा क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेजवळ, आहे, आणि वेबला सूर्याकडे पाठ ठेवावी लागत असल्याने आकाशाच्या या भागाकडे ती वर्षातून दोनदाच, दर वेळी साधारण ५० दिवस पाहू शकते. ग्रह ३३ दिवसांनी येतो. म्हणजे वर्षाला तीन-चार अधिक्रमणं हाती लागतात, तीही वेळ मंजूर झाली तर. शिवाय नुसती अनिश्चितता घटवून भागणार नाही. डीएमएसच्या दोन वेगळ्या पट्ट्यांतल्या खुणा एकाच प्रमाणाशी जुळायला हव्यात, त्याच्या विघटनातून येणारे इथेनसारखे रेणू हिशेबाने दिसायला हवेत, आणि हे सगळं दोन वेगळ्या गटांनी वेगळ्या संगणकप्रणाली वापरून काढायला हवं.

पुढची बातमी येईल तेव्हा मूळ निबंधाचा सारांश उघडून पाहावा. किती अधिक्रमणं पाहिली, तरंगलांबीचा पट्टा किती रुंद होता, सिग्मा कशाच्या तुलनेत सांगितला आहे, आणि रांगेत किती रेणू उभे केले होते, हे तिथे किंवा पहिल्या काही पानांत सापडतं.

ज्यांना याहून पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी मोजमापं खुली आहेत. वेबची बहुतेक निरीक्षणं फार तर वर्षभर मूळ गटासाठी राखीव असतात, त्यानंतर ती बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून कुणालाही उतरवून घेता येतात. त्यांची छाननी करणाऱ्या पायथन या संगणकभाषेतल्या प्रणालीही मोफत आहेत. पण सुरुवात के२-१८बीपासून करू नये, वास्प-३९बीपासून करावी. कन्या राशीतला हा तापलेला, फुगलेला ग्रह सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याच्या अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश दोन टक्क्यांहून जास्त घटतो. २०२२ मध्ये वेबने त्याच्यावर कार्बन डायऑक्साइड २६ सिग्माने पकडला. वर्णपट काढून झाला की ४.३ मायक्रॉनजवळचा उंचवटा नुसत्या डोळ्यांना दिसतो, त्यासाठी कुठलीही रांग उभी करावी लागत नाही.